अध्यक्ष महोदय, कोरड्या चारीची पाणीपट्टी कोणी भरायची?

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, मुंबई.

विषय : सभागृहाने मंजूर केलेला पैसा माझ्या शेतापर्यंत फक्त कागदावर पोचल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी वऱ्हाडातला साडेपाच एकरांचा शेतकरी, वय 63. आपल्या वेळेची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलोय. जमेलच असं नाही.

मागच्या मंगळवारी कोतवाल एक नोटीस देऊन गेला. चार हंगामांची पाणीपट्टी थकली आहे, दंडासह 4,860 रुपये पंधरा दिवसांत भरा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू. ज्या चारीच्या (कालव्याच्या लहान फाट्याच्या) पाण्याची ही पट्टी, ती माझ्याच शेतातून जाते. तिच्यासाठी मी दीड एकर दिलाय, त्या दीड एकराचा वाढीव मोबदला मिळवायला कोर्टात 11 वर्षं घातलीत. त्या चारीत आजवर पाणी आलं ते मृगाचं, वरून पडलेलं. खाली मुलं क्रिकेट खेळतात. पुलाची मोरी म्हणजे सिक्सर.

ज्या खात्याने ही नोटीस काढली त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्या खात्याला एक पत्र जाईल, खातं विभागीय कार्यालयाला विचारेल, ते उपविभागाला, आणि उपविभागाचा माणूस माझ्या दारात येऊन म्हणेल, "काका, हे कशाला वर नेलं?" हे तीनदा झालंय. मंत्र्यांना लिहून झालं. आता तुम्हाला लिहितोय, कारण खात्याकडून हिशेब मागायचा अधिकार ज्या घराला आहे त्या घराचे तुम्ही प्रमुख. आमच्याकडे घरातल्या पोराने उधळपट्टी केली तर आधी बापाला विचारतात.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत विधिमंडळाची एक समिती आमच्या भागात पाहणीला आली होती. कोणती ते राहू द्या. चौदा गाड्या होत्या, मी मोजल्या. आदल्या रात्री टँकर आणून आमच्या चारीचा पहिला शंभरेक फूट भाग ओला केला होता. मी टॉर्च घेऊन बांधावर उभा राहून पाहिलं. टँकरवाल्याने मलाच विचारलं, "इथनंच का हो ते साहेब लोक येणार?" सकाळी साहेब लोक आले. एका माननीय सदस्यांनी चारीत उतरून फोटो काढून घेतला, बुटाला चिखल लागला म्हणून हसले. त्या चिखलाचं वय नऊ तास होतं.

मी पुढे होऊन निवेदन दिलं. काम पूर्ण दाखवलेला 2016 सालचा फलक दाखवला. ते म्हणाले, "पुढच्या रब्बीच्या आत तुमच्या चारीला पाणी सुटेल, हा माझा शब्द." गावातल्या साठ माणसांनी ऐकलं. मी त्या शब्दावर अडीच एकर हरभरा पेरला. दोन्ही वर्षं. पहिल्या वर्षी विहिरीने घाट्यांपर्यंत साथ दिली, दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यातच आटली. शब्द कुठे गेला माहीत नाही. नोटीस मात्र बरोबर पत्त्यावर आली.

त्या समितीने आमच्याबद्दल काय लिहिलं हे कळावं म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, अहवाल अजून सभागृहापुढे ठेवलेला नाही, आधी दिला तर विशेषाधिकाराचा भंग होतो. महोदय, मला हे पटलंही असतं. सभागृहाचा मान राहिला पाहिजे. पण माझ्या शेताबद्दल लिहिलेलं मला दिसू नये यात मान कोणाचा राहतो? आणि टँकरने भंग झाला नाही का?

आता माझा हिशेब ऐका, मग तुमचा विचारतो.

2004 साली कालवा येणार म्हणून 310 संत्र्याची झाडं लावली. कलमं वरुडहून आणली. आंबिया बहाराची तीन पिकं चांगली हाती आली. मग पाण्याने मान टाकली. बोअर 700 फूट नेला, धूळ निघाली. दोन उन्हाळे टँकरने झाडं जगवली, त्यात बायकोच्या पाटल्या गेल्या. 2019 च्या मे महिन्यात कुऱ्हाड लावली. पंधरा वर्षांचं झाड तोडायला दहा मिनिटं लागतात. लाकूड वीटभट्टीवाल्याने नेलं, भावात घासाघीस करून. मोठा पोरगा त्याच वर्षी चाकणला गेला. दिवाळीला येतो, चारीकडे बघतो आणि काही बोलत नाही. बोलला असता तर बरं.

गेल्या वर्षी तुषार संचासाठी अर्ज केला. अनुदानासाठी सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पुस्तक, मूळ बिल, शिवाय शेतात उभं राहून अक्षांश-रेखांशासह फोटो. पहिल्या फोटोत माझा चेहरा नीट आला नाही म्हणून परत. दुसऱ्यात पाइप नीट दिसत नव्हता. तिसरा चालला. पीक पेरलंय हे सांगायला ई-पीक पाहणीत पुन्हा फोटो. काही हजारांसाठी सरकार माझं नाक, कान, पाइप, पीक सगळं तपासून घेतं. घ्यावं. जनतेचा पैसा आहे. पण त्या चारीचं मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या मोजणीची सरकारी वही) नोंदवलेलं काम बघायला, अस्तरीकरणाचा फोटो अक्षांश-रेखांशासह मागायला तुमच्याकडे कोण आहे? पाणी नाही, हे दिसायला उपग्रह लागत नाही. म्हैस पुरते.

28 जून 2024 ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, सहा लाख कोटींच्या वरचा. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तोवर 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावर वाढीव खर्चाच्या मागण्या, आल्या. दुकानातून सामान घेऊन घरी पोचायच्या आत पुन्हा पिशवी घेऊन निघावं तसं. 288 आमदारांत भागाकार केला तर माणशी सव्वातीनशे कोटींहून जास्त पडतात. किती आमदारांनी त्या मागण्यांचं पुस्तक उघडून वाचलं? मला एकाचं नाव सांगा, मी त्याच्या गावी जाऊन पाया पडेन. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा 57 हजार कोटी आणि वर काही. डिसेंबरात नागपूरला आणखी 75 हजार कोटींच्या आसपास. ते अधिवेशन चाललं 8 ते 14 तारखेपर्यंत, म्हणजे माझ्या नोटिशीत पैसे भरायला दिलेल्या मुदतीच्या निम्मंसुद्धा नाही. 1953 च्या नागपूर कराराने आम्हा विदर्भातल्या लोकांना दरवर्षी एक अधिवेशन मिळालं. त्यातला हुरडा तेवढा पुढाऱ्यांच्या वाट्याला आला.

खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते हे मला माहीत आहे. आम्ही वर्तमानपत्र वाचतो. पाच-सहा खात्यांच्या मागण्या एका दिवसात घेतात, सदस्य उठून आपल्या मतदारसंघातला रस्ता, पूल, सभामंडप मागतात, मंत्री "तपासून घेऊ" म्हणतात, आणि उरलेल्या मागण्या चर्चेविना मतदानाला टाकून मोकळे. नाव गिलोटिन. फ्रान्समध्ये त्याने राजाचं मुंडकं उडालं, आपल्याकडे हिशेबाचं उडतं. दिल्लीतही तेच. 2018 आणि 2023 मध्ये लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. पण तिथे निदान 1993 पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, त्या मागण्या मंजूर होण्याआधी बघतात. केरळात तर 1980 पासून विषय समित्या आहेत. आपल्याकडे खर्च झाल्यावर, माणूस निवृत्त झाल्यावर, कंत्राटदाराने नाव बदलल्यावर चौकशी सुरू होते.

तीही कशी? महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे वाचायला अधिवेशनच उरत नाही. मग विधिमंडळाची लोकलेखा समिती, मग खात्याचं स्पष्टीकरण, मग सचिवांची साक्ष, मग शिफारस, मग शिफारशीवर काय कारवाई केली त्याचा अहवाल. तोवर चारीत बाभळी उगवतात. आमच्याकडे उगवल्यात. मंजुरीपेक्षा जास्त खर्च केला तर राज्यघटनेच्या 205 व्या कलमाखाली सभागृहाकडून तो नियमित करून घेतात. मी पीककर्जापेक्षा जास्त खर्च केला तर माझ्यासाठी कोणतं कलम आहे? कळवावं.

गोसीखुर्द धरणाचं नाव इथे घ्यावंच लागतं. माझं गाव तिकडचं नाही, पण विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे आकडे झोपेतून उठवून विचारा. 1983 साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च 372 कोटी. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. पुढे 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा. सुधारित प्रशासकीय मान्यता घेत घेत खर्च 18 हजार कोटींच्या पुढे गेला, आणि तिथेही थांबला नाही. खात्यातली माणसं त्या मान्यतेला लाडाने 'सुप्रमा' म्हणतात. मला आधी वाटलं कुणाच्या मुलीचं नाव आहे. प्रत्येक सुप्रमा कोणीतरी तपासली, कोणीतरी सही केली. त्या सगळ्या सह्यांतून एकानेही विचारलं नसेल का, की मागचे पैसे कुठवर पोचले?

विचारलं होतं एकदा. 2012 मध्ये. राज्याच्या आर्थिक पाहणीत निघालं की दहा वर्षांत सिंचन 0.1 टक्का वाढलं, आणि खर्चाचा आकडा 70 हजार कोटींचा बोलला गेला. काय गदारोळ झाला. उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, परत शपथविधी, चौकशीला चितळे समिती. मला वाटलं आता आमच्या चारीचं नशीब उघडणार. निघालं काय? त्यानंतरच्या पाहणी अहवालांत सिंचनाखालच्या क्षेत्राच्या टक्केवारीच्या जागी 'उपलब्ध नाही' असं छापायला लागले. ताप मोजला की आजार कळतो, म्हणून थर्मामीटरच फेकून दिला. आणि तेच सरकार दीड एकर देऊन उरलेल्या माझ्या तुकड्यावर चार हंगामांत किती पाणी घेतलं हे दंडासह सांगतं! राज्याचं सिंचन उपलब्ध नाही, माझं उपलब्ध आहे.

समित्यांच्या दौऱ्यांबद्दल बोलायला नको. पण बोलतो. मे 2025 मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळे दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या 102 क्रमांकाच्या खोलीत 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली. ते पैसे कोणाचे, कशाचे, हे तपासाने ठरवावं, मी ठरवत नाही. पण त्या दिवशी आमच्या पारावर कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "खोल्या तर शंभराच्या वर दिसतात." अध्यक्ष महोदय, विरोधी पक्षाने विधिमंडळाची जितकी निंदा केली नसेल तितकी या वाक्यात आहे. विरोधी पक्षावरून आठवलं, नोव्हेंबर 2024 च्या निकालानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली, संख्याबळ नाही म्हणून. संख्या आमच्याकडे आहे. पंचवीस हजारांचा जमाव तहसीलवर आणून दाखवतो, पण त्याला 'मोर्चा' म्हणतात आणि गुन्हे लागतात.

यात आमचाही हात आहे, लपवत नाही. निवडणुकीत आम्ही चारीबद्दल विचारत नाही. कोणी सभामंडप देतो, कोणी शेवटच्या रात्री येऊन जातो. मीही एकदा घेतले, खोटं कशाला बोलू. पाचशे होते. त्यांची पावती कोणी मागितली नाही, फोटो तर नाहीच.

मागण्या लहान आहेत. आमच्या चारीच्या मोजमाप पुस्तिकेची नक्कल मला मिळावी. समितीच्या त्या दौऱ्याचा अहवाल सभागृहापुढे यावा, दोन ओळींचा का असेना. आणि 'पुढच्या रब्बीच्या आत' हे सभागृहाबाहेर दिलेलं आश्वासन मानायचं की नाही, हे तुम्ही सांगावं. सभागृहात मंत्र्याने दिलेल्या आश्वासनासाठी तुमच्याकडे आश्वासन समिती आहे म्हणतात. चारीत उभं राहून दिलेल्या आश्वासनासाठी कोण आहे? पाणीपट्टी मी भरणार नाही. बोजा चढवायचा तर चढवा, सातबाऱ्यावर आधीच सोसायटी आणि बँक बसलेत, तिसऱ्यालाही सरकून जागा देतील.

आपला,
एक लाभधारक (खात्याच्या यादीत हाच शब्द आहे)

सोबत : नोटिशीची छायाप्रत, 2016 च्या फलकाचा फोटो, चारीचा फोटो अक्षांश-रेखांशासह.

ता. क. : पत्र पाकिटात घालताना कळलं की बायकोने काल तालुक्याला जाऊन 4,860 रुपये भरून टाकले. हरभऱ्याचे जे काही आले होते त्यातून. म्हणाली, बोजा चढला तर पोराला घर बांधायला कर्ज कोण देईल. पावतीची प्रतही जोडली आहे. तिच्यावर 'पाणी वापरल्याबद्दल' असं छापलंय.