दिल्लीची निळाई, अंद्रेट्याची माती

महोदय,

कलाविषयक पुरवण्यांत चित्रकार-शिल्पकारांना भरपूर जागा मिळते. कुंभारकाम मात्र दिवाळीच्या पणत्यांपुरतेच आठवते. म्हणून कुंभारकलावंत सरदार गुरचरण सिंग यांच्या घराबद्दल लिहावेसे वाटले. भूगर्भशास्त्र शिकलेला हा तरुण दिल्लीत वीटभट्टीवर कामाला आला आणि तिथे अब्दुल्ला या पठाण कारागिराच्या हातची निळी झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप) पाहून भारावला. दिल्लीतल्या जुन्या घुमटांच्या फरशांवर चमकते तीच ही झिलई! १९१९ मध्ये ते कुंभारकाम शिकायला जपानला गेले. त्यांनी स्वतःची 'दिल्ली ब्लू' पॉटरी उभारली ती १९५२ मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. आणि पद्मश्री मिळाली थेट १९९१ मध्ये. इतका उशीर का व्हावा?

पुढे मुलगा मनसिमरन आणि सून मेरी यांनी १९८३ च्या सुमारास हिमाचलात पालमपूरजवळ अंद्रेटा गावी चाक मांडले. तिथली भांडी तांबूस मातीची, रोज वापरायची. कच्च्या भांड्यावर पातळ मातीचा घोळ बारीक धारेने सोडत नक्षी काढतात. हात थबकला तर तिथेच थेंब साचतो, आणि तो पुसता येत नाही.

धरमशाला-पालमपूरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी अंद्रेट्याला जरूर थांबावे, आणि कपाच्या किमतीत घासाघीस करण्याआधी तो घडताना पाहावा. आपल्या दैनिकानेही अशा कुंभारघरांवर लेखमाला सुरू करावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली