विरजणाची वाटी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मुंबईच्या दंगलींचा विषय निघाला तेव्हा तू मुसलमानांबद्दल म्हणालास, "आई, सुरुवात त्यांनी केली होती." मी गप्प बसले, कारण हेच वाक्य मी स्वतः बोललेय. त्याच दंगलींत, जानेवारी १९९३ मध्ये, आपल्याच बिल्डिंगच्या गच्चीवर.

तू तेव्हा जन्मायचा होतास. खाली जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांचा लाकडी बोर्ड होता. बाबा एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुसलमान भाभींच्या घराची पट्टी त्यांनी काढली. तेवढीच जागा कोरी दिसायला लागली. कुणाच्याही लक्षात आलं असतं. मग त्यांनी सगळ्यांच्याच पट्ट्या काढल्या, आपलीसुद्धा.

त्या संध्याकाळी लांबवर धूर दिसला. शेजारचे कुणी म्हणाले, "बरी अद्दल घडली." मी मान डोलावली, वर ते वाक्यही बोलले. त्याच आठवड्यात जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदूंचं घर पेटवून माणसं जाळली होती, तो राग डोक्यात होता. पण हे घर कुणाचं पेटलंय, आत कोण आहे, एवढंही मी विचारलं नाही. आणि भाभी तेव्हा मुलांना घेऊन आपल्या आतल्या खोलीत बसल्या होत्या.

आपल्या लोकांनी केलं की आपण 'प्रतिक्रिया' म्हणतो, त्यांनी केलं की 'कट'. तिकडच्या घरांतही असंच बोलतात, फक्त बाजू उलटी. १२ मार्चचे बॉम्बस्फोट आणि २५७ मृत्यू तुला तोंडपाठ आहेत. त्याआधीच्या दंगलींत ९०० माणसं गेली. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू असं नोंदवलंय. हा आकडा तुला माहीत नव्हता. याच आयोगानं दंगली हे स्फोटांमागचं एक कारण मानलं. म्हणून स्फोट माफ होतात का? तू ताडकन नाही म्हणशील, आणि बरोबर म्हणशील. मग राधाबाई चाळीचं नाव घेऊन पुढचं सगळं कसं माफ करतोस रे?

भाभी त्याच वर्षी मुंब्र्याला राहायला गेल्या. त्या माझ्याकडून विरजण न्यायच्या. जाताना वाटी घासूनपुसून परत द्यायला आल्या, माझा हात धरून रडल्या. मी त्यांना गच्चीवरचं कधीच सांगितलं नाही.

तुझी,
आई