विषय: सर्व्हर बदलल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

महोदय,

सर्वांत आधी एक विनंती: आमचा जुना सर्व्हर पुसू नका. त्याखेरीज हा मजकूर परत मिळणार नाही.

आमच्या वाचनालयाचा मायएसक्यूएल डेटाबेस आपण नव्या सर्व्हरवर हलवलात. तेव्हापासून सभासद आणि पुस्तकांच्या नावांऐवजी '????' दिसते. "पीएचपी कोडमध्ये कॅरेक्टर सेट लावा, क्वेरी तपासा," असे सांगून सपोर्टने तिकीट बंद केले. हे निदान चुकीचे आहे. कनेक्शन उघडताच यूटीएफ८एमबी४ हा देवनागरी सामावणारा कॅरेक्टर सेट (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) लावणारी ओळ कोडमध्ये पहिल्यापासून आहे आणि सर्व्हर बदलल्यानंतर त्याच कोडमधून नोंदवलेले सभासद शुद्ध मराठीत दिसतात.

पीएचपी बाजूला ठेवून साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणारे हेक्स फंक्शन थेट डेटाबेसवर चालवून पाहा. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हे; यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३, एकूण १२ बाइट. आज तिथे ३एफ३एफ३एफ३एफ एवढे चारच बाइट आहेत; ३एफ हा '?' चा बाइट, म्हणजे प्रश्नचिन्हेच साठवली गेली आहेत. नुसती दाखवण्यातली गडबड असती तर मूळ बाइट शाबूत असते.

कारण आपणच दिलेल्या डम्प फायलीत, म्हणजे डेटाबेसच्या काढलेल्या प्रतीत आहे. तिच्या वरच्या ओळींत 'सेट नेम्स लॅटिन१' लिहिलेले आहे. डम्प काढणारी मायएसक्यूएलडम्प ही आज्ञा चालवताना लॅटिन१ हा पश्चिम युरोपीय भाषांचा कॅरेक्टर सेट निवडला गेला. त्यात देवनागरी नाही, म्हणून सर्व्हरने प्रत्येक चिन्हाजागी प्रश्नचिन्ह दिले, तेही एरर न दाखवता.

गावांच्या टेबलचे नुकसान याहून मोठे आहे. तिथे नावावर युनिक की आहे, म्हणजे एकच नाव दोनदा चालत नाही. पुणे आणि ठाणे दोन्ही चार चिन्हांची, त्यामुळे दोन्हींचे '????' झाले आणि इम्पोर्टला १०६२ क्रमांकाची डुप्लिकेट एरर आली. आपल्या लॉगमध्ये ती आहे, एरर आली तरी काम पुढे रेटणारा फोर्स पर्यायही दिसतो. डम्पमध्ये एकाच इन्सर्टमध्ये (नोंदी भरणाऱ्या आज्ञेत) शेकडो नोंदी असतात. त्यातली एक अडली की तो अख्खा इन्सर्ट रद्द होतो. टेबल रिकामे राहिले. सभासद आणि गावे जोडणारी क्वेरी शून्य नोंदी देते ती यामुळे, क्वेरीत खोट नाही.

जुन्या सर्व्हरवरून यूटीएफ८एमबी४ लावून नवा डम्प काढा आणि तो आधी वेगळ्या डेटाबेसमध्ये भरा. फक्त नोंदी मोजू नका: सभासद टेबलमधल्या जुन्या नोंदींची संख्या आजही जुळते, मजकूर मात्र गेला आहे. मजकुराच्या प्रत्येक कॉलमवर बाइट मोजणाऱ्या लेंग्थ फंक्शनची बेरीज जुन्या सर्व्हरवर आणि या वेगळ्या डेटाबेसवर ताडून पाहा. मग आयडी जुळवून जुन्या नोंदी दुरुस्त करा. सध्याच्या डेटाबेसवर सरसकट इम्पोर्ट केलात तर नंतरचे सभासद पुसले जातील.

तिकीट पुन्हा उघडा आणि जुना सर्व्हर राखून ठेवल्याचे आजच लेखी कळवा.

आपला,
संगणक विभाग प्रमुख, वाचनालय