दारावरच्या गार्डला कायदा कोण सांगणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानाच्या, इस्पितळाच्या किंवा सोसायटीच्या दारावरचा खासगी सुरक्षारक्षक कुणालाही अडवू शकतो, त्याची झडती घेऊ शकतो, आतल्या खोलीत बसवून ठेवू शकतो, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. अडवणाऱ्याचाही तोच आणि ज्याला अडवले त्याचाही तोच. मी पोलीस दलातून महिला हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता एका संस्थेत नव्याने भरती होणाऱ्या गार्डना शिकवते. या समजापायी निरपराध माणसाची अब्रू जाते आणि गार्डवर गुन्हा दाखल होतो. ज्याने हुकूम दिला तो मात्र नामानिराळा राहतो. म्हणून हे पत्र.

गार्डच्या अंगावर गणवेश असला, खांद्यावर पट्टी असली, तरी कायद्याच्या नजरेत तो तुमच्याआमच्यासारखाच खासगी नागरिक आहे. 2005 च्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायद्याने संस्थांना परवाना सक्तीचा केला, गार्डचे वय 18 ते 65 ठरवले, चारित्र्याची खात्री आणि प्रशिक्षण बंधनकारक केले. अटकेचा एकही जादा अधिकार त्यात नाही. उलट पोलिसांच्या किंवा सैन्याच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख गार्डला घालायला दिला, तर कलम 21 नुसार गार्ड आणि संस्थेचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मग गार्डच्या हातात आहे काय? प्रत्येक नागरिकाच्या हातात आहे तेवढेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 सांगते की, आपल्या समक्ष दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) असा गुन्हा करणाऱ्याला, किंवा फरारी घोषित झालेल्या आरोपीला, कोणीही खासगी व्यक्ती पकडू शकते किंवा पकडवून घेऊ शकते. पकडल्यावर विनाकारण विलंब न लावता, आणि काहीही झाले तरी 6 तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 43 होते; त्यात तासांची मर्यादा नव्हती.

यातला एकेक शब्द तपासून घ्यावा असा आहे. ‘समक्ष’ म्हणजे डोळ्यांदेखत. काउंटरवरच्या मुलीने चोरी होताना पाहिली आणि तिने गार्डला हाक मारून पकडायला सांगितले, तर ते कलमात बसते. महिन्याअखेरीस मालाचा हिशोब लागला नाही, संध्याकाळी कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तशीच दिसणारी बाई दारात आली म्हणून तिला धरले, तर ते बसत नाही. ‘चालचलन संशयास्पद वाटले’ हे तर अजिबात नाही. संशयावरून पकडण्याची मुभा पोलिसांना काही अटींवर आहे, गार्डला नाही.

6 तासांबद्दल वर्गात मला हमखास विचारतात, ‘म्हणजे मॅडम, 6 तास ठेवता येतं ना?’ नाही. मुख्य अट विलंब न लावण्याची आहे. 6 तास ही तिच्यापलीकडची शेवटची रेघ आहे. पोलीस ठाणे जवळ असताना माणसाला तासभर बसवून ठेवले, तर त्या तासाचे कारण द्यावे लागते.

आता जी गोष्ट दुकानांच्या व्यवस्थापकांपर्यंत पोहोचलेलीच दिसत नाही, ती सांगते. पूर्वी चोरी कितीही किरकोळ असो, ती दखलपात्र आणि अजामीनपात्र होती. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये बदल झाला. चोरलेल्या वस्तूची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपीला पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र ठरवला आहे. म्हणजे कलम 40 च्या अटीच पुऱ्या होत नाहीत. शाम्पूची बाटली किंवा एखादा कुर्ता उचलणाऱ्याला पकडून ठेवण्याचा जो आधार गार्डला पूर्वी होता, तो अशा प्रकरणात राहिलेला नाही.

त्याच वेळी एखाद्याला बेकायदा अडवणे (न्याय संहितेचे कलम 126) आणि डांबून ठेवणे (कलम 127) हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. त्यांचा परिणाम काय होतो ते पाहा. लिपस्टिक उचलल्याचा आरोप असलेल्या मुलीला पोलीस वॉरंटशिवाय सहसा अटक करू शकत नाहीत, पण तिला स्टोअररूममध्ये बसवून दारात उभ्या राहिलेल्या गार्डला करू शकतात. डांबून ठेवण्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. कबुली काढण्यासाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी डांबले असेल, तर तीन वर्षांपर्यंत. कुलूप लावायलाच हवे असे नाही. खुर्चीवर बसवून ‘हलायचं नाही’ म्हणत वाट अडवली तरी पुरे.

जाणकार वकील इथे म्हणतील की, माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी कलम 305 खाली येते आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मग दुकानातल्या चोरीला तेच का लावू नये? हा वाद न्यायालयात जरूर घालावा. पण जो प्रश्न वकिलांना पुस्तके उघडून सोडवावा लागतो, तो बारा तासांच्या ड्युटीत पाय सुजलेल्या गार्डने दारात, गर्दीसमोर, दोन सेकंदांत सोडवावा अशी आपली अपेक्षा आहे का? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दुकानदाराला रास्त कारण असेल तर संशयिताला वाजवी वेळ थांबवून चौकशी करण्याची वेगळी तरतूद आहे. आपल्या संहितेत तशी नाही.

नोकरीत असताना ठाण्यात महिला कर्मचारी म्हणून अशा प्रकरणांत मला बोलावणे यायचे, बहुतेक वेळा रात्री. बाई किंवा कॉलेजची मुलगी रडून थकलेली असे. तिची पर्स आधीच उलटी केलेली, सामान एका पिशवीत भरलेले, मोबाइल गार्डच्या खिशात. सोबत एक कागद असे: ‘मी चोरी केली आहे, पुन्हा करणार नाही, दंड भरण्यास तयार आहे.’ मजकूर सुपरवायझरच्या अक्षरात आणि खाली तिची सही. मी गार्डला पहिला प्रश्न विचारायची, ‘किती वाजता धरलं?’ तो घड्याळाकडे बघायचा आणि मग खाली. व्यवस्थापक तोवर घरी गेलेला असायचा. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून बसवलं’ एवढेच त्या पोराला सांगता यायचे, आणि साहेबांनी लेखी काही दिलेले नसायचे. एका मुलीच्या पर्समधली वस्तू तिने त्याच दुकानातून आदल्या आठवड्यात विकत घेतलेली निघाली. पावती तिच्या मोबाइलवर होती. मोबाइल मागून घेतल्यामुळे तिला ती दाखवताच आली नव्हती. त्या मुलीचे वडील ठाण्याच्या पायरीवर बसून राहिले होते, आत यायला तयार नव्हते. गार्ड आणि ती मुलगी साधारण एकाच वयाचे होते.

झडतीविषयी कायदा अगदी स्पष्ट आहे आणि तो कुणीच सांगत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 49 नुसार खासगी व्यक्तीने कुणाला पकडले, तर अंगझडती घेण्याचा अधिकार ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात तो माणूस दिला जातो त्या अधिकाऱ्याचा आहे, पकडणाऱ्याचा नाही. बाईची झडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची. दारावर पिशवी उघडून दाखवतो ती आपल्या संमतीने. संमती नसेल तर दुकान आत येऊ देणार नाही, तेवढा हक्क त्यांना आहे. पण बाहेर निघालेल्या माणसाच्या खिशात हात घालण्याचा हक्क त्यातून निघत नाही. नाव-पत्ता सांगायला नकार दिला म्हणून अटक करण्याचे कलम 39 हेही फक्त पोलिसांसाठी आहे.

दंडाचेही तेच. किमतीच्या दहापट रक्कम ‘जागेवर’ वसूल करणे, नाही दिली तर घरी किंवा कॉलेजात कळवू म्हणणे, फोटो काढून भिंतीवर लावणे, हे प्रकार आजही चालतात. दंड करण्याचा अधिकार न्यायालयाचा. भीती घालून पैसे काढणे म्हणजे खंडणी, आणि भिंतीवरचा फोटो बदनामीच्या गुन्ह्यात नेऊ शकतो. पकडलेले मूल अल्पवयीन असेल तर जास्तच सांभाळायला हवे: बाल न्याय कायद्यानुसार पोलिसांनासुद्धा त्याला कोठडीत ठेवता येत नाही, मग दुकानाच्या गोदामात ठेवण्याचा प्रश्नच कुठे येतो?

इस्पितळाच्या दारावर तर चोरीचाही संबंध नसतो. बिल भरले नाही म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला बाहेर सोडायचे नाही, असे गार्डला सांगितलेले असते. थकलेले बिल हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी दावा लावता येतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णाला घरी जाण्याचा आणि नातेवाइकांना मृतदेह मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तिथे फाटक अडवून उभा राहणारा गार्ड कुठल्याच कलमाच्या आधाराने उभा नसतो.

सोसायट्यांबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या रोज उघडून बघतात, फ्लॅटमधले काही हरवले की त्यांना खाली केबिनमध्ये बसवून ठेवतात. त्याच फाटकातून रहिवाशांचे पाहुणे न तपासता आत-बाहेर करतात. गार्ड आणि कामवाली दोघेही बहुधा एकाच वस्तीतले असतात. समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तिला सोडू नका’ असा संदेश येतो, तो पाळणारा गार्ड असतो, आणि तक्रार झालीच तर कलम 127 खाली नाव त्याचे येते. कुणी डोळ्यांदेखत चोरी पाहिलेली नसते.

मग गार्डने बघत उभे राहायचे का, असे दुकानदार विचारतील. मुळीच नाही. कुणी माल घेऊन पळत असेल तर त्याचा हात धरून माल सोडवून घेण्याला खासगी बचावाच्या हक्काचा आधार आहे, आणि तो किरकोळ चोरीलाही लागू होतो. त्याच्या मर्यादा मात्र तिथेच लिहिल्या आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि माल परत मिळाला की हक्क संपला. त्यानंतरचे चार फटके हा सरळ मारहाणीचा गुन्हा. किरकोळ प्रकरणात माल परत घ्यावा, वर्णन आणि वेळ लिहून ठेवावी, चित्रण जपावे, ठाण्यात अदखलपात्र नोंद करावी. चोरी मोठी असेल, मारहाण असेल, हत्यार असेल, तर 112 ला फोन आधी आणि पकडलेल्या माणसाला चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर, शक्यतो बाई असेल तर बाईच्या सोबतीने बसवावे. मागच्या खोलीत नेऊ नये. हे जमत नाही असे नाही. माझ्या वर्गातून गेलेली पोरे हे नीट करतात, अट एवढीच की वरून उलटा हुकूम येऊ नये.

प्रशिक्षणाची अट कागदावर चांगली आहे. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत नव्या गार्डसाठी किमान 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले होते, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत. विषयांमध्ये दंडसंहितेची तोंडओळख, खासगी बचावाचा हक्क आणि प्रथम खबर कशी द्यायची हेही आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आधीच्या नोकऱ्यांत काय शिकवले होते, असे मी विचारते. सलाम कसा ठोकायचा, रजिस्टर कसे भरायचे आणि आग विझवायचे नळकांडे कसे उघडायचे, एवढे सांगतात. कायद्याचा तास कुणाला आठवत नाही. प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाकडे असते.

2005 च्या सुरक्षा संस्था कायद्याखाली प्रत्येक राज्यात नियंत्रक प्राधिकारी नेमलेला असतो आणि परवाना देणे, त्याचे नूतनीकरण करणे त्याच्याच हातात असते. माझी मागणी त्यांच्याकडे आहे. नूतनीकरणाच्या वेळी नुसती प्रमाणपत्रांची थप्पी न बघता दोन-चार गार्डना समोर बोलावून विचारावे: कुणाला पकडू शकतोस, झडती कोण घेणार, पकडल्यावर पहिला फोन कुणाला? आणि ज्या ठिकाणी गार्ड नेमला जातो, तिथल्या व्यवस्थापकाने किंवा सोसायटीच्या सचिवाने सही केलेले मराठीतले एक पान त्याच्या चौकीत लावणे सक्तीचे करावे. त्यात अडवण्याबद्दल, झडतीबद्दल, दंड आणि कबुलीपत्रांबद्दल काय करायचे आणि काय नाही ते लिहिलेले असावे, आणि हुकूम देणाऱ्याचे नावही. उद्या ठाण्यात जबाब द्यायची वेळ आली, तर गार्डकडे दाखवायला निदान तो कागद असेल आणि तपास अधिकाऱ्याला त्या सहीपर्यंत जाता येईल.

आपली,
एक निवृत्त महिला पोलीस हवालदार