निर्णय काय झाला एवढंच नको, कसा झाला तेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आतल्या पानावर मध्यंतरी एक चार ओळींची बातमी आली होती, स्कॉटलंडमधली चर्चेस विक्रीला निघालीत, कुठं हॉटेल होतंय कुठं फ्लॅट होतायत, कारण माणसंच येईनात. बातमी खोटी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले तर आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी लांबूनच हाक मारली, "काय बाई, तुमचं तिकडं सगळं बंद पडायला लागलंय म्हणं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, कित्येक वर्षं आम्ही एकत्र चालतोय, माझ्या घरी नाताळचा फराळ खायला येणारी माणसं आहेत ती, पण मला ते लागलं. आणि लागलं ते चर्च बंद होतंय म्हणून नाही, तर त्या निर्णयामागं किती लोकांनी किती दिवस डोकं लावलंय, कसं मतदान झालंय यातलं एक अक्षर त्या बातमीत नव्हतं म्हणून. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधला भाग ठेवा ही विनंती.

मी शाळेत ३४ वर्षं शिकवलं. आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती. माझा भाचा ग्लासगोला नोकरीला आहे, त्यानं मला चर्च ऑफ स्कॉटलंडची जनरल असेंब्ली इंटरनेटवर लाइव्ह बघायला शिकवलं. ही म्हणजे तिथल्या राष्ट्रीय चर्चची सगळ्यात वरची सभा, दरवर्षी मे महिन्यात एडिंबरामध्ये भरते. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळं जेवणं उरकली की मी मोबाईल डब्याला टेकवून लावते आणि धान्य निवडत ऐकत बसते. सगळं इंग्रजी कळतं असं नाही, त्यांचा उच्चार वेगळा आहे, पण पद्धत कळते आणि मला त्या पद्धतीबद्दलच बोलायचंय.

त्या चर्चमध्ये बिशप नाहीत. अध्यक्षाला मॉडरेटर म्हणतात आणि ते पद एका वर्षापुरतं असतं. राजाचा प्रतिनिधी येतो, त्याला सगळा मान असतो, पण तो गॅलरीत बसतो आणि चर्चेत त्याला भाग घेता येत नाही. खाली सभागृहात पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू बसतात आणि त्यांच्या बरोबरीनं वडील बसतात, वडील म्हणजे मंडळीतनं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांतनं, निवडलेली साधी माणसं, कुणी शेतकरी, कुणी नर्स, कुणी माझ्यासारखे मास्तर. पाळकाच्या मताला जेवढी किंमत तेवढीच वडिलाच्या मताला. सगळ्या कमिट्यांचे रिपोर्ट आधीच छापून हातात मिळतात, त्या जाड पुस्तकाला ते ब्लू बुक म्हणतात, आणि प्रत्येक रिपोर्टसोबत ठराव नेमका काय ते शब्दाशब्दानं लिहिलेलं असतं. कुणालाही उठून दुरुस्ती सुचवता येते, उलटा ठरावसुद्धा मांडता येतो, आणि हरलेल्या माणसाला आपला विरोध नावानिशी नोंदवून घ्या असं म्हणता येतं. तो नोंदवला जातो.

आता आपल्या पेपरात आलेल्या विक्रीबद्दल. १९५० च्या दशकात या चर्चचे १३ लाखांवर सभासद होते. २०२३ च्या अखेरीला ते साधारण २ लाख ५९ हजारांवर आले. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. पाळक म्हातारे झाले, नवीन मिळेनात, आणि शंभर दोनशे वर्षांच्या दगडी इमारतींची छपरं गळायला लागली. मग २०२१ च्या असेंब्लीनं, ती कोविडमुळं बहुतेक ऑनलाइनच झाली, असं ठरवलं की पाळकांच्या जागा ६०० आणि त्यावर रिकाम्या म्हणून धरलेल्या ६०, एवढ्यावर आणायच्या, आणि प्रत्येक प्रेस्बिटरीनं म्हणजे विभागानं आपापला प्लॅन करायचा, कुठली इमारत ठेवायची आणि कुठली सोडायची त्याची यादी करून. यादी वरनं आली नाही, विभागांनी केली हे महत्त्वाचं. त्यातही लोक दुखावलेत बरं का. खेड्यातल्या लोकांनी उठून सांगितलं की तुम्ही फार घाई केली, आमच्या गावात शाळा गेली, पोस्ट गेलं, दुकान गेलं, आता चर्च पण नेताय. मला त्यांचं पटतं. गावात एकच दगडी भिंत उरली असेल जिथं आजोबाचा बाप्तिस्मा झाला आणि आईची माती झाली, तर ती हिशोबाच्या वहीत बसत नाही. पण त्यांना ते बोलायला माईक मिळाला आणि त्यांचं बोलणं नोंदलं गेलं. चार ओळींच्या बातमीत एवढं तरी यायला पाहिजे होतं की नाही?

दुसरी गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे त्यांचा १६९७ सालचा एक कायदा, बॅरियर ॲक्ट. त्या नावाचा अर्थच अडसर. शिकवण, उपासना, शिस्त किंवा कारभार यात कायमचा बदल करायचा असेल तर असेंब्लीला तो एका फटक्यात करता येत नाही. मसुदा खाली सगळ्या प्रेस्बिटरींकडं पाठवायचा, तिथं वर्षभर चर्चा आणि मतदान, आणि निम्म्याहून जास्त प्रेस्बिटरी हो म्हणाल्या तरच पुढच्या वर्षी असेंब्लीत परत मतदान. विचार करा, तीनशे सव्वातीनशे वर्षांपूर्वी, आपल्याकडं राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते त्या काळात, त्या लोकांनी स्वतःच स्वतःचे हात बांधून घेतले की वर बसलेल्या माणसांनी उत्साहाच्या भरात खालच्यांवर काही लादू नये.

याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे पाळकांनी समलिंगी जोडप्यांची लग्नं लावावीत का हा विषय. आमच्या मंडळीत नुसता विषय काढला तरी लोक उठून जातील, आणि खरं सांगायचं तर माझंही मन यात पूर्ण तयार नाही. पण तिथं काय झालं ते बघा. २०२१ मध्ये मसुदा खाली पाठवायचा ठराव झाला, वर्षभर ४१ प्रेस्बिटरींत मतदान झालं, २९ हो म्हणाल्या आणि १२ नाही म्हणाल्या, आणि मग मे २०२२ मध्ये असेंब्लीनं २७४ विरुद्ध १३६ मतांनी ते पास केलं. आणि पास करताना काय ठेवलं, तर ज्या पाळकाच्या सदसद्विवेकाला हे पटत नाही त्याच्यावर कसलीही सक्ती नाही, ज्याला लावायचंय त्यानं परवानगीसाठी स्वतः अर्ज करायचा. म्हणजे २७४ लोक जिंकले तरी १३६ लोकांना घरात जागा ठेवली. माझं मत काहीही असो, असल्या रीतीनं झालेला निर्णय मी मान खाली घालून ऐकून घेईन.

सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं मात्र अजिबात नाही. १८ मे १८४३ ला याच असेंब्लीत फूट पडली. भांडण कशावरनं, तर गावचा पाळक कोण हे तिथल्या जमीनदारानं ठरवायचं का मंडळीनं. तेव्हाच्या कायद्यानं हक्क जमीनदाराचा होता आणि कोर्टंही त्याच्याच बाजूनं. मग त्या दिवशी बरेच पाळक सभेतनं उठले आणि रांगेनं चालत दुसऱ्या हॉलमध्ये गेले आणि फ्री चर्च स्थापन केलं. एकूण साधारण १२०० पाळकांपैकी ४७४ बाहेर पडले, पगार सोडून, राहती घरं सोडून, बायकापोरं घेऊन, काहींनी पुढं उघड्या रानात उपासना घेतल्या. भारतात काम करणारे त्यांचे मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले, कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना स्वतः उभी केलेली शाळेची इमारत सोडावी लागली, आणि आपल्या मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावानं चौपाटीवर कॉलेज आहे, तेही फ्री चर्चमध्येच गेले. जमीनदाराचा तो हक्क शेवटी १८७४ मध्ये रद्द झाला आणि बाहेर गेलेल्यांपैकी बहुतेक चर्च १९२९ मध्ये परत एक झालं. एका मुद्द्यासाठी, की मंडळीला विचारल्याशिवाय मंडळीवर माणूस बसवायचा नाही, लोकांनी डोक्यावरचं छप्पर सोडलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

कोल्हापूरकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, आणि १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. प्रेस्बिटेरियन म्हणजे वडिलांच्या सभेनं चालणारं चर्च, आणि त्या पद्धतीचं मूळ स्कॉटलंडात. म्हणजे आमच्याकडच्या मंडळ्यांत जे पंच, वडील, सेशन (म्हणजे एका चर्चच्या वडिलांची सभा) हे शब्द आहेत ते तिथल्याच झाडाच्या फांद्या. फांदीला मुळाची आठवण राहावी एवढंच माझं म्हणणं.

कारण आमच्याकडं काय चाललंय ते सांगते, नाव कुणाचंच घेत नाही. एका मंडळीत, जिथं माझं नेहमी जाणं येणं आहे, तिथं आवारातला जुना हॉल पाडून नवीन बांधायचं ठरलं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, किती पैशात, हे कुणालाच माहिती नव्हतं. एका रविवारी उपासना संपताना जाहीर झालं की पुढच्या आठवड्यापासनं काम सुरू आणि दानाची पाकिटं दारात ठेवलीत. बस्स. एका म्हाताऱ्या मावशीनं विचारलं की माझ्या लग्नाचं जेवण त्या हॉलमध्ये झालं, निदान पाडण्याआधी बोलायचं तरी होतं, तर तिला सांगण्यात आलं की मीटिंग झाली आहे. मिनिटं, म्हणजे मीटिंगची लेखी नोंद, मागितली तर मिनिटं नाहीत. हॉल पाडायचाच होता, कदाचित छत खरंच धोक्याचं असेल, मी इंजिनिअर नाही. पण ती मावशी त्यानंतर चार महिने चर्चला आली नाही, आणि तिला आणायला कोण गेलं, तर कुणी नाही. मी पण उशिरा गेले, त्याची मला लाज वाटते.

आणि हे फक्त चर्चमध्ये होतं असं म्हणणार नाही, आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या वार्षिक सभा कशा होतात हे आपल्या पेपरातच दरवर्षी येतं. विषय वाचायच्या आधी निम्मा मांडव मंजूर मंजूर आणि निम्मा नामंजूर नामंजूर, आणि दहा मिनिटात राष्ट्रगीत. सभासद शंभर किलोमीटरवरनं एसटीनं आलेला असतो, त्याला उसाच्या दराबद्दल एक प्रश्न विचारायचा असतो, तो तसाच परत जातो. देवाच्या घरात तरी वेगळं असावं असं मला वाटतं, आणि ते असू शकतं हे मी डोळ्यांनी बघते दर मे महिन्यात.

माझी आजी बायबलबाई होती. पन्हाळा कोडोलीकडच्या खेड्यांत पायी जायची, बायकांना अक्षरं शिकवायची, आजाऱ्यांची सेवा करायची, गाणी म्हणायची. मंडळीतल्या निम्म्या घरांना चर्चमध्ये आणलं ते तिनं. पण पंचांच्या मीटिंगला ती दाराबाहेर बसायची, चहा द्यायला. ते तिनं कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, सहज बोलता बोलता सांगितलं. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या असेंब्लीनं १९६६ मध्ये बायकांना वडील होऊ दिलं आणि १९६८ मध्ये पाळक. २००४ मध्ये ॲलिसन एलियट या पहिल्या बाई मॉडरेटर झाल्या आणि त्या पाळकसुद्धा नव्हत्या, मंडळीतल्या वडील होत्या. आजी तोवर गेली होती. मी तो फोटो बघितला आणि मला तीच दिसली, नऊवारीतली, हातात चहाचा ट्रे घेतलेली.

तर साहेब, माझ्या मागण्या दोनच आहेत. एक आपल्याकडं, पुढच्या मे महिन्यात परदेशातल्या चर्चच्या सभेची बातमी आली तर कुणी मांडलं, किती मतं पडली, विरोध कुणाचा होता आणि आता पुढं काय होणार एवढं तरी दोन ओळी वाढवून द्या. मुसलमान समाजाची, जैन समाजाची, कुणाचीही बातमी असो, हेच करा. आणि दुसरी आमच्या कोल्हापूर, सांगली, मिरज भागातल्या सगळ्या मंडळ्यांच्या पंचांना, जे आपला पेपर रोज वाचतात हे मला माहिती आहे. मीटिंगचे विषय दोन रविवार आधी चर्चच्या दारावरच्या फळ्यावर लावा. मीटिंग झाली की मिनिटं त्याच फळ्यावर लावा, विरोध करणाऱ्याच्या नावासकट. जमीन, इमारत आणि पाळकांची बदली हे तीन विषय मंडळीच्या सभेत मतदान झाल्याशिवाय ठरवू नका, आणि त्या सभेला बायका येतील अशी वेळ ठेवा, रविवारी बारा वाजता नको, तेव्हा घरी भात टाकायचा असतो. फळा मी स्वतःच्या पैशानं आणून देते, खडू पण देते, शाळेतले अजून दोन बॉक्स घरी आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
शाहूपुरी, कोल्हापूर