जर-तरच्या तक्त्यात मराठी कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजीतल्या जर-तर वाक्यांचा तक्ता वाचला. पहिला प्रकार, दुसरा, तिसरा आणि प्रत्येकापुढे सूत्र. मी २८ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि हाच तक्ता फळ्यावर लिहीत आले. मुलं तो पाठ करतात, गाळलेल्या जागा बरोबर भरतात, पण स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायच्या म्हटलं की चुकतात. वाक्य आधी मराठीत जुळलेलं असतं आणि तक्त्यात मराठीचा मागमूस नसतो.

'मला कळलं असतं तर मी आले असते.' मराठीत 'असणं' दोन्हीकडे येतं, म्हणून मूल 'वुड हॅव'ही दोन्हीकडे घालतं: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' याला निष्काळजीपणा म्हणून लाल रेघ मारणं मला पुढे पुढे जड जाऊ लागलं. ते मूल आपल्या भाषेच्या नियमानेच चाललेलं असतं. 'जर'च्या बाजूला इंग्रजी 'हॅड'वर भागवते, 'इफ आय हॅड नोन', एवढंच त्याला सांगायला हवं.

याहून अवघड वाक्य: 'माझ्याकडे वेळ असता तर मी आले असते.' हे आजचं की कालचं? मराठीत दोन्हीला चालतं, संदर्भाने कळतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम'. कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम'. दोन 'हॅड' लागोपाठ दिसले की मुलं छपाईची चूक समजून एक खोडतात. इथे एक अख्खा तास द्यावा, इतकं हे महत्त्वाचं आहे.

माझ्या भाचीला लिहायचं होतं, 'तुम्ही फॉर्म पाठवलात तर मी आजच भरीन.' 'पाठवलात' हे रूप भूतकाळाचं, म्हणून तिने लिहिलं, 'इफ यू सेंट द फॉर्म, आय वुड फिल इट इन टुडे.' समोरून उत्तर आलं, आम्ही पाठवणार नाही असं तुम्हाला का वाटलं? बिचारी गोंधळून गेली. इंग्रजीत 'सेंट' आणि 'वुड' आले की 'तसं होईलसं वाटत नाही' असा अर्थ निघतो. 'सेंड' आणि 'विल' लिहिलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

'इफ'च्या पुढे 'विल' नको, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण 'इफ यू विल एक्स्क्यूज मी' बरोबर आहे, कारण तिथे 'विल' भविष्यकाळ दाखवत नाही, समोरच्याची तयारी विचारतो. हेही तक्त्यात नव्हतं.

संकेतार्थ, म्हणजे 'असता', 'आले असते' अशी अट दाखवणारी रूपं, आपण मराठीच्या तासाला शिकवतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याचं नावही काढत नाही. पुढच्या वेळी तक्त्यात मराठी वाक्यांचा एक रकाना जरूर द्यावा. वर्गात मुलांनी केलेल्या चुकांची वही मी जपून ठेवली आहे. आपण कळवलंत तर त्यातली वाक्यं निवडून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका