शिवणयंत्र दिले, आता कामही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिडको परिसरात मी गेली बरीच वर्षे बायकांना शिवणकाम शिकवते. जिद्दीत त्या कुठेच कमी नाहीत. गाडे अडते ते प्रमाणपत्र हातात पडल्यानंतर. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाच्या प्रशिक्षणाचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार आणि पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज मिळते. योजना चांगलीच आहे, पण यंत्र आले म्हणजे गिऱ्हाईक आले असे नाही.

दुकानात अस्तराच्या ब्लाउजचे चारशे रुपये बिनतक्रार देणारी शेजारीण घरी शिवणाऱ्या बाईला अडीचशे देताना घासाघीस करते. वर "पुढच्या महिन्यात देते गं" म्हणून ब्लाउज घेऊन जाते. अस्तर, हुक, धागा मात्र रोखीने आणावा लागतो. व्यापाऱ्याकडून नगावर काम घ्यावे, तर तो संध्याकाळी गठ्ठा टाकून सकाळी माल मागतो आणि मजुरी आठवडेच्या आठवडे लांबवतो. घरच्यांना वाटते, हिला धंदा जमत नाही. मला याचा फार राग येतो.

2024-25 मध्ये सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांकडे आली, तेव्हा खूप आशा वाटली होती. पण कापड उशिरा पोहोचले, मापांच्या तक्रारी झाल्या, बोल शिवणाऱ्यांना लागले आणि डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले.

आता 2027 चा सिंहस्थ समोर आहे. कापडी पिशव्या, स्वयंसेवकांची जॅकेटे, मुक्कामाच्या जागी चादरी, उशांचे अभ्रे, सगळे लागणार. त्यासाठी एकच मोठी निविदा निघाली तर ती ठेकेदार घेणार आणि आमच्या बायका पुन्हा त्याच्या हाताखाली नगावर राबणार. महापालिकेने हे काम प्रभागवार, छोट्या हिश्श्यांत थेट गटांना द्यावे, थोडी उचल आधी द्यावी. सूक्ष्म उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहेच. त्यासाठीची उद्यम नोंदणी मोफत होते. आमच्या भागातल्या बायकांची नोंदणी मी स्वतः बसून करून देईन. कापड आणि नमुना मात्र निदान तीन महिने आधी हातात पडायला हवा, गणवेशांसारखा ऐन वेळी नको.

आपली,
एक शिवणकाम प्रशिक्षिका, सिडको, नाशिक